सिम काढून दिलेला फोन

तेरवीला भावाच्या वस्तू दान द्यायच्या होत्या, आणि त्याच्यामागे देण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. गादी नवी आणली, छत्री नवी आणली, तांब्या-पेला नवा आणला. पण आमच्याकडे असं मानतात, की निदान एक तरी वस्तू गेलेल्याच्या वापरातली, त्याच्या आवडीची असावी. बूट अपघातात कुठे गेले ते कळलंच नाही. घड्याळ फुटलं होतं. मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात चेपून पडली होती. शेवटी आईच म्हणाली, "त्याच्या हातात त रातदिवस फोनच राहे. तोच देऊन द्या."

फोनला काही म्हणजे काही झालं नव्हतं. माणसाचं तोंड ओळखू येत नव्हतं आणि फोनच्या काचेवर फक्त एक ओरखडा होता. मला त्या फोनचा तेव्हाही राग आला होता, त्यामुळे तो घरातून जातोय याचं बरंच वाटलं.

आमच्या काकांनी चष्मा वर सरकवून सल्ला दिला, "सिम काढून घ्या. मंग काही भेव नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचं घर नोकरदारांचं. आजोबा तहसिलीत, वडील होते तोवर ट्रेझरीत, काका पंचायत समितीत, मी पांढरकवड्याच्या कोर्टात कारकून. खाडाखोड जिथे असेल तिथे सही घ्यायची, कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे आम्ही बाळगुटीसोबत प्यालेले लोक. कागदाच्या बाबतीत आम्हाला कोणी गंडवून दाखवावं. पण फोन म्हणजे सिम, अशी आमची सगळ्यांची पक्की समजूत. सिम काढलं की उरलं ते नुसतं खोकं. घरातून नुकतीच तिरडी उठलेली होती, तेव्हा जीव निघून गेला आणि मागे नुसतं शरीर राहिलं, ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

लॉकही आम्हीच काढून दिलं, कारण घेणाऱ्याला वापरता येत नसेल तर ते दान कसलं. गुरुजींनी फोन उपरण्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. सिम आईने उचललं आणि देवाजवळच्या कुंकवाच्या डबीत टाकलं.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. मुकुटबनला एका शाळेत गणित शिकवायचा, तिथेच खोली करून राहायचा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी यायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं, माझंही नाही. दोघांच्या लग्नाचा विषय आईने कधीच सोडून दिला होता. घरात आम्ही सगळे तिला आई म्हणायचो, तो एकटाच माय म्हणायचा. सुरुवातीला तिला चिडवायला म्हणून म्हणायला लागला आणि मग तेच राहिलं.

शनिवारी गाडी अंगणात लावली की तो फोनचा कॅमेरा सुरू करायचा आणि तसाच बूट घालून आत यायचा. त्याचे सगळे व्हिडिओ असेच सुरू होतात. आधी उंबरठा, मग स्वयंपाकघराचं दार, मग आईची पाठ. कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज येतो, "माय, पाणी दे न वं." आणि आई मागे न बघता त्याच्यावर खेकसते. मग तो तिला काहीतरी उचकवणारं विचारतो आणि ती भाकरी थापता थापता बोलत सुटते. हे तो त्याच्या अकाउंटवर टाकायचा. लोक हसायचे, त्याच्या वर्गातली पोरंही हसायची. मला ते आवडायचं नाही. घरातल्या बाईचा स्वयंपाक जगाला कशाला दाखवायचा, असं मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. आता तो एकाही व्हिडिओत दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि त्या व्हिडिओंशिवाय त्याचा आवाज या जगात दुसरीकडे कुठेही नाही.

त्या शनिवारी तो यायचा होता, पण मुकुटबनहून येताना त्याला ट्रकने उडवलं. इथल्या दवाखान्यातून यवतमाळला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत त्याच्याजवळ मी होते. मोहदा मागे पडलं तोवर तो शुद्धीवर होता. जोडमोहा येण्याआधी सगळं संपलं.

आईला आम्ही सांगितलं की तो जागच्या जागीच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. हे काकांनी ठरवलं आणि मला ते पटलं. तिने मला पहिल्या दिवशी विचारलं, दहाव्याला विचारलं, तेरवीला सगळे पंगतीला बसलेले असताना विचारलं. "लय दुखलं का वं त्याले?" मी दरवेळी नाही म्हटलं आणि दरवेळी मला रडू फुटलं. मग तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, तिचं समाधान झालं.

तो गेल्यानंतर आई दुपारी जेवणं झाली की भिंतीला टेकून बसायची आणि तेच व्हिडिओ लावायची. तिचा फोन त्यानेच घेऊन दिलेला होता, अकाउंटही त्यानेच काढून दिलं होतं. आवाज मोठा ठेवायची. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की परसात जाऊन उभी राहायची.

मग उन्हाळ्यात एका सकाळी कोर्टात मी रोजनामे लावत होते. आमच्या नाझरांनी, म्हणजे कोर्टाचं दफ्तर सांभाळणाऱ्या साहेबांनी, मला बाजूला बोलावलं. त्यांचा चेहरा असा झालेला, की मला वाटलं बदलीचा आदेश आला. त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. भावाचा फोटो, भावाचं नाव, आणि खाली हिंदीत मेसेज होता. 'कैसे हो सर, एक अर्जंट काम था.'

"म्या काही जवाब देल्ला नाही, ताई," ते म्हणाले. "पण हे कसं काय?"

मी फोनकडे पाहिलं. नावाच्या बाजूला हिरवा ठिपका होता. तो तिथे होता. मी शहाण्यासारखी माणसं ओळखणारी बाई, कोर्टात रोज खोटी शपथपत्रं बघणारी, आणि क्षणभर मला खरोखरच वाटलं की तो आहे. त्या एका क्षणासाठी मी त्या चोराला आजही माफ केलेलं नाही.

दुपारपर्यंत समजलं की तो चोर भावाच्या नावाने सगळ्यांना भेटून आलाय. मामेभावाला, मुकुटबनच्या शाळेतल्या शिपायाला, भावाच्या जुन्या रूममेटला. सगळ्यांकडे अडचण सांगून पैसे मागितलेले. कोणी दिले, कोणी दिले नाहीत. पण माझ्या डोक्यात राहिली ती भावाच्या वर्गातली एक मुलगी. तिने उत्तरात लिहिलं होतं, 'सर, तुम्ही बरे झालात का?' तिच्या वडिलांनी मला फोन करून हे सांगितलं आणि वर म्हणाले, "म्याडम, पोरगी दोन दिस झाले जेवून नाही राह्यली. बंद करा ना ते."

बंद करणं सोपं होतं, हेच संकट होतं. आमच्या कोर्टातली स्टेनो, वयाने लहान असली तरी या कामात तयार, ती म्हणाली, "ताई, लोकं रिपोर्ट मारून राह्यले. असे लय जणांनी मारले त अकाउंटच उडून जाईन. त्यातले व्हिडिओ पण जातीन." मी विचारलं, व्हिडिओ दुसरीकडे कुठे नसतील का? ती म्हणाली, ज्या फोनमध्ये काढले त्यात असतील. तो फोन तर आम्ही गादीवर ठेवून, वर तुळशीपत्र ठेवून देऊन टाकला होता.

मी गुरुजींकडे गेले. ते म्हातारे गृहस्थ, ओसरीवर बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "बाई, मले काय करायचा तो फोन? बसस्टँडपाशी विकला. दानाची वस्तू विकू नये असं काही नाही." त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी गादीसुद्धा विकली असेल, छत्रीही, आणि त्याबद्दल मला काही वाटलं नव्हतं. बसस्टँडजवळच्या दुकानात काउंटरमागचा माणूस म्हणाला, जुने फोन गठ्ठ्याने जातात, कुठे जातात ते तो विचारत नाही. तिथे एका काचेच्या पेटीत जुने फोन लावून ठेवलेले होते. त्यांतला प्रत्येक कधीतरी कोणाच्या ना कोणाच्या हातात असणार, आणि त्यांतले किती तेरवीहून आले असतील, असं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत स्टेनोने तिच्या फोनवर भावाचं अकाउंट उघडायचा प्रयत्न केला. त्याचा पासवर्ड मला माहीत होता. आईचं माहेरचं गाव आणि पुढे एक-दोन-तीन. गणिताचा मास्तर असून याहून पुढचे आकडे त्याला सुचले नव्हते. पण तो चालेना. मेसेज आला, पासवर्ड नुकताच बदलला आहे.

स्टेनोने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, नुसता फोन हाती आला म्हणून पासवर्ड बदलता येत नाही. भाऊच्या नंबरवर कोड येते. तो कोड कोनीतरी देल्ला असन त्याले."

"सिम आमच्याकडे आहे," मी म्हटलं. "देवाजवळ डबीत."

"मंग डबी पाहून घ्या एकदा."

त्या संध्याकाळी मी चप्पल काढून सरळ देवाजवळ गेले. डबीत कुंकू होतं, दोन सुपाऱ्या होत्या. सिम नव्हतं.

आई मागे उभी होती. म्हणाली, "माह्या फोनात हाय. दोन सिमची जागा होती त्यात. कोपऱ्यावरच्या दुकानातून बसवून घेतलं." तो नंबर ती महिन्याच्या महिन्याला रिचार्जही करत होती, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला मिळू नये. मला हे काहीच माहीत नव्हतं. एकाच घरात राहून.

मी विचारलं, तुला कोणी कोड मागितला का? तिने पदराला हात पुसले आणि भाजी फोडणीला टाकली. मी आवाज चढवला. मी चढवते, माझा स्वभाव आहे तो. ती भाजी परतत राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नसेल मी काय विचारतेय ते. म्हातारी बाई, लेकाचा फोटो दिसला, त्याने आकडे मागितले, हिने दिले. फसली बिचारी. मी स्वतःलाच समजावून गप्प बसले.

रविवारी दुपारी स्टेनो घरी आली. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिचा फोन मागितला. ती जरा थांबली, पण तिने दिला. स्टेनोने तिच्या फोनवर 'पासवर्ड विसरलो' यावर दाबलं, आणि आईच्या फोनवर, भावाच्या नंबरवर, टिंग करून कोड आला. चोराने ईमेल बदलला होता, पण नंबर काढायचा राहून गेला होता. आम्ही आकडे भरले, आणि दार उघडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. स्टेनो सांगत गेली, मी करत गेले. नवा पासवर्ड लांबलचक, ज्यात घरातल्या कोणाचं नाव नाही, गाव नाही. त्याचा ईमेल काढून माझा घातला. अकाउंट कुठे कुठे उघडं आहे ती जागा तिने दाखवली. तिथे एका दूरच्या शहराचं नाव होतं, जे मी फक्त आगगाडीच्या डब्यावर वाचलेलं. 'सगळीकडून बाहेर काढा' असं एक बटण होतं. ते दाबताना मला जो आनंद झाला तो कोणाची गचांडी धरून रस्त्यावर फेकल्याचा होता. मग दुसरं कुलूप. कोणी पासवर्ड मिळवला तरी माझ्या फोनवर आलेल्या आकड्याशिवाय आत येता येणार नाही असं. स्टेनो म्हणाली, "झालं ताई. आता तुमच्याशिवाय कोनी नाही जाऊ शकत." मी तिला चहा टाकते म्हटलं.

चहा टाकायच्या आधी मी मेसेज उघडले. कोणाकोणाला काय लिहिलंय ते बघून माफी मागायची होती. यादीत सगळ्यात वर आईचं नाव होतं.

तो 'हाय मम्मी' म्हणाला होता. 'कैसी हो' म्हणाला होता. आईने एका बोटाने मराठीत लिहिलं होतं, 'बरी आहे.' मग त्याने लिहिलं, की त्याच्या जुन्या नंबरवर एक कोड येईल, तो लगेच पाठव. आईने लिहिलं, 'पाठवते. पहिले एक सांग.' त्याने प्रश्नचिन्ह टाकलं. आईने लिहिलं होतं, 'तुला लय दुखलं का.'

त्याने लिहिलं होतं, 'नही मम्मी बिलकुल नही. कोड भेजो.'

त्याखाली कोड होता.

स्टेनो माझ्या खांद्यामागून वाचत होती. तिने पर्स उचलली, चहा नको म्हणाली आणि आईच्या पाया पडून निघून गेली.

मी पडवीत जाऊन आईसमोर बसले. बसताच तिच्यावर ओरडले. म्हटलं, तो चोर होता, तुला एवढंही कळलं नाही?

तिने सूप खाली ठेवलं. "मले का समजत नाही का? माह्या पोरानं मले कधी मम्मी म्हटलं?"

"मंग कोड कायले देल्ला?"

"इचारायले कोनी नव्हतं." ती तांदळाकडेच बघत बोलत होती. "तुले इचारलं का तू रडते. तुह्या काकाले इचारलं त तो उठून बाहीर जाते. म्या समजली का तुमी खोटं सांगून राह्यले. मंग हा आला. त्याचा फोटो, त्याचं नाव. म्हटलं, याले इचारून पाहू. त्यानं सांगतलं नाही म्हणून. मले त्या दिवशी झोप लागली."

मला तिचा राग राहिला नाही. मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण आता पुढे काय येणार ते मला दिसत होतं.

"आता त्याले हाकलून देल्लं ना तुनं," ती म्हणाली. "आता कोन हाय त्यात? तूच ना?"

"हो."

"मंग आता तू सांग. तू होती त्याच्यासंग."

या वेळी मला रडू आलं नाही. आलं असतं तर सुटले असते. मी म्हटलं, "दुखलं, आई. लय दुखलं."

तिने मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यासारखी. मग म्हणाली, "पाणी मागतलं का त्यानं?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला गाडीत मी आणि रुग्णवाहिकेवरचा नर्सचं काम करणारा माणूस, इतकेच होतो.

"मागतलं ना?"

"मागतलं."

"देल्लं का?"

"नाही देऊ दिलं. पोटात मार होता. डॉक्टरांनी देऊ नका म्हणून सांगितलं होतं."

आई उठली नाही, रडलीही नाही. तिने हात पुढे केला आणि आपला फोन मागितला. मी दिला. तिने तो चोराचा मेसेज शोधून काढला आणि माझ्यापुढे धरला. "हे पुसून टाक." माझ्या फोनवरून, भावाच्या नावाने, मी ते एक वाक्य काढून टाकलं. तिच्या प्रश्नाखाली आता नुसता तिने पाठवलेला कोड राहिला.

मग नेहमीची वेळ झाली म्हणून, किंवा दुसरं काय करायचं ते न सुचून, तिने व्हिडिओ लावला. आवाज मोठा होता. या वेळी मी परसात गेले नाही. उंबरठा आला, स्वयंपाकघराचं दार आलं, आईची पाठ आली. तो म्हणाला, "माय, पाणी दे न वं."

आणि त्यातली आई मागे न बघता म्हणाली, "पह्यले हातपाय धू. पाणी कुठी पळून नाही जाऊन राह्यलं."

"बंद कर," आई म्हणाली.

मी बंद केला. तिने सूप परत मांडीवर घेतलं, पण तांदूळ निवडले नाहीत.

ते अकाउंट आजही आहे. दोन्ही कुलपं पक्की आहेत, चावी माझ्याकडे आहे, कोणी त्यातलं काही पुसू शकत नाही. आईने त्यानंतर ते एकदाही उघडलेलं नाही. तो नंबर मात्र ती अजून दर महिन्याला रिचार्ज करते.